फ्लॅटबेड, ताडपत्री आणि दर आठवड्याचा हप्ता: अमेरिकेत लीज-परचेसवर ट्रक घ्यायच्या आधी

डाउन पेमेंट शून्य, क्रेडिट चेक नाही, सोमवारी या आणि शुक्रवारी "स्वतःचा" ट्रक घेऊन निघा. अमेरिकेत ट्रक चालवायला लागलं की ही जाहिरात दर चार दिवसांनी कुठून ना कुठून समोर येतेच. याला लीज-परचेस म्हणतात. ट्रक कंपनीच्या नावावर, हप्ता तुमच्या कमाईतून दर आठवड्याला परस्पर कापला जातो, डिझेल टायर दुरुस्ती विमा सगळं तुमच्या अंगावर, आणि त्या ट्रकला भाडं (म्हणजे न्यायचा माल) कोण देणार तर तीच कंपनी. म्हणजे सावकार, गाडीमालक आणि काम देणारा हे तिघं एकच. आपल्याकडे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसं ज्यांनी बघितलीयत त्यांना वेगळं सांगायला नको, उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, इथे फक्त कागद इंग्रजीत असतो आणि चाळीस पानांचा असतो.

तरीपण लीजवर ट्रक घेऊच नका असं मी सरसकट म्हणणार नाही, नीट हिशोब करून घेतलेले आणि ट्रक नावावर करून बाहेर पडलेले लोक आहेत. माझं म्हणणं एवढंच की फ्लॅटबेडचं (उघड्या सपाट ट्रेलरचं) काम आणि लीजचा हप्ता या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात शिकायला जाऊ नका. क्रम महत्त्वाचा, म्हणून क्रमानेच सांगतो.

पहिलं: लायसन्स आणि स्टेटस

क्लास ए सीडीएल (मोठा ट्रक-ट्रेलर चालवायचं लायसन्स) लागतं, भारतातलं हेवी लायसन्स इथे काही कामाचं नाही. आधी लर्नर परमिट, मग ट्रेनिंग स्कूल (७ फेब्रुवारी २०२२ पासून फेडरल सरकारच्या यादीतल्याच ट्रेनरकडून शिकावं लागतं, मित्राच्या गाडीवर शिकून थेट टेस्ट देता येत नाही), मग टेस्ट. राज्याबाहेर चालवायला वय २१ पूर्ण हवं. मेडिकल कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, बीपी शुगर असेल तर कमी मुदतीचं. आणि तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी सीडीएलवाल्याला तो चालत नाही, एक पॉझिटिव्ह टेस्ट म्हणजे क्लिअरिंगहाऊसमध्ये (सरकारच्या ड्रग टेस्टच्या नोंदवहीत) नाव आणि मग कोणतीच कंपनी दारात उभं करत नाही.

एच-१बी वाल्यांनी इथेच थांबा, तो व्हिसा तुमच्या एम्प्लॉयरच्या त्या ठरलेल्या नोकरीला बांधलेला आहे, साईड बिझनेस म्हणून ट्रक चालवता येत नाही. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर प्रश्न नाही. ईएडीवर (वर्क परमिटवर) असाल तर २०२५ पासून तात्पुरत्या स्टेटसवाल्यांच्या सीडीएलचे नियम बरेच कडक झालेत आणि कोर्टकचेऱ्याही चालू झाल्या, म्हणून स्कूलची फी भरायच्या आधी आपल्या राज्याच्या डीएमव्हीत (लायसन्सच्या ऑफिसात) जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवरच्या काकांना नाही. इंग्रजीचंही तसंच, जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी जमलं नाही तर ड्रायव्हरला तिथेच गाडी उभी करायला लावतात.

(महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत "मी ट्रक चालवतो" म्हटल्यावर समोरचा दोन सेकंद गप्प होतो आणि मग "म्हणजे लॉजिस्टिक्समध्ये का?" विचारतो. हो म्हणायचं आणि मोदक घ्यायचा.)

दुसरं: निदान एक वर्ष कंपनी ड्रायव्हर म्हणून फ्लॅटबेड

बंद डब्याच्या ट्रेलरमध्ये माल लोक भरतात, दार लावलं की तुम्ही निघालात. फ्लॅटबेडला नुसता सपाट पाट असतो, ४८ किंवा ५३ फूट लांब, १०२ इंच रुंद, जमिनीपासून साधारण पाच फूट उंच, आणि त्यावर ठेवलेला माल तुम्हीच बांधायचा, तुम्हीच झाकायचा. इंडियानात गॅरीला स्टील, जॉर्जियात आणि ओरेगॉनकडे लाकूड, ह्यूस्टनला पाईप. एकूण वजन ८०,००० पाउंडात बसवायचं, त्यामुळे माल ४६ ते ४८ हजार पाउंडांपर्यंत जातो.

बांधायचा नियम पाठ करा, याच्यावर दंडही आहे आणि जीवही आहे. मालाचं जेवढं वजन त्याच्या किमान निम्म्या वजनाएवढी ताकद सगळ्या पट्ट्यांची मिळून हवी, आणि लांबीप्रमाणे पट्ट्यांचा किमान आकडा वेगळा. समजा ४६,००० पाउंड लाकूड आहे, ४४ फूट लांब. निम्मं म्हणजे २३,०००, चार इंची पट्ट्यावर सहसा ५,४०० छापलेलं असतं, म्हणजे ताकदीच्या हिशोबाने पाच पट्टे. लांबीच्या हिशोबाने, पुढे अडवणारी भिंत नसेल तर पहिल्या १० फुटांना दोन आणि पुढच्या प्रत्येक १० फुटांना किंवा त्याच्या तुकड्याला एक, म्हणजे उरलेल्या ३४ फुटांना चार, एकूण सहा. जो आकडा मोठा तो धरायचा, म्हणजे सहा. हे कायद्याचं किमान, मी आठाच्या खाली जात नाही. यंत्रं असतील आणि १०,००० पाउंडांच्या वर असतील तर किमान चार ठिकाणी बांधायचं, तिथे साखळ्या, तीन अष्टमांश इंची ग्रेड ७० ची साखळी ६,६०० पाउंडांची असते. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून सगळं परत तपासायचं, मग दर १५० मैल किंवा तीन तास, जे आधी होईल ते. लाकूड दबतं, पट्टे सैल पडतात, हे पहिल्या स्टॉपला हात लावला की कळतं.

ताडपत्री हा खरा कस. लाकडाच्या ताडपत्रीला दोन्ही बाजूंनी आठ फुटांचा पदर असतो आणि एकेक गुंडाळी शंभर पाउंडांच्या आसपास, ती स्वतः उचलून वर नेऊ नका, फोर्कलिफ्टवाल्याला गोड बोलून वर ठेवून घ्या, दहातले नऊ जण ठेवतात. आधी मागची ताडपत्री पसरायची, मग पुढची, आणि पुढचीचा काठ मागचीवर यायला हवा, उलट केलंत तर ६५ च्या स्पीडला वारा सांध्यातून आत शिरतो आणि ताडपत्रीच्या चिंध्या होतात, नवी जोडी हजार डॉलरच्या घरात जाते, लीजवर असाल तर ती तुमचीच. पट्ट्याखाली प्रत्येक धारदार कडेला प्लास्टिकचे कोपरे लावा. ताडपत्री अडकवायची रबरी बंजी (हुकवाला दोर) ओढताना तोंडाच्या दिशेने कधीही ओढायची नाही, हुक सुटला की सरळ डोळ्यात. विंचच्या (पट्टा आवळायच्या चक्रीच्या) दांड्यावर पूर्ण अंग टाकायचं नाही, दांडा निसटून दात पडलेली माणसं या धंद्यात सहज भेटतात. आणि बरेच जण जायबंदी होतात ते मालावरून पडून, पावसात ओली ताडपत्री म्हणजे शेवाळ. वायोमिंगमध्ये आय-८० वर वारा सुटला असेल तर एकट्याने ताडपत्री उघडू नका, थांबा, उशीर झाला तर झाला.

हे सगळं कंपनीच्या ट्रकवर, कंपनीच्या ताडपत्रीवर, ठरलेल्या पगारात शिका. त्या वर्षात अजून एक कळतं जे कुठल्या ब्रोशरमध्ये नसतं, ते म्हणजे फ्लॅटबेडचा हंगाम. काम बांधकामाशी जोडलेलं आहे, मार्च-एप्रिलपासून उन्हाळाभर भाडी चांगली, डिसेंबर ते फेब्रुवारी थंड. फ्लोरिडात जायला भाडं मिळतं, तिथून निघायला मिळता मिळत नाही. हप्ता मात्र बाराही महिने तोच.

तिसरं: एक आठवड्याचा हिशोब कागदावर

रिक्रूटर तुम्हाला "ग्रॉस" सांगतो, आठवड्याला सहा हजार, वर्षाला तीन लाख. त्या आकड्याकडे बघूच नका. खालचा हिशोब माझा बनवलेला आहे, तुमच्या कंपनीचे आकडे घालून परत करा.

समजा आठवड्यात रिकामे धरून २,५०० मैल झाले आणि भाडं ५,८०० डॉलर. तुमचा वाटा ७० टक्के, म्हणजे ४,०६०. वर फ्युएल सरचार्ज (डिझेलसाठी वेगळी मिळणारी रक्कम) ५००. हातात येणारे ४,५६०. आता कापाकापी. साडेसहा मैल गॅलनला धरून ३८५ गॅलन, ३.७० डॉलरने १,४२४. ट्रकचा हप्ता ८५०. मेंटेनन्स फंड मैलाला १२ सेंट, ३००. ट्रेलरचं भाडं २००. विम्याचे तीन-चार प्रकार मिळून १९०. नंबर प्लेट, परमिट, ईएलडी (चालवायचे तास नोंदवणारं यंत्र) वगैरे ८०. एस्क्रो (कंपनीकडे राहणारी अनामत) १००. बेरीज ३,१४४. उरले १,४१६, आणि हे टॅक्सच्या आधीचे.

टॅक्स कोणी कापत नाही, तुम्ही १०९९ वर (म्हणजे नोकर नाही, कंत्राटदार) आहात, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सच १५.३ टक्के, त्यावर इन्कम टॅक्स. पाव हिस्सा दर आठवड्याला वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड घरी ठेवा. भरायच्या तारखा एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीची १५. बाहेर काढलेल्या दिवसांचा पर डिएम (जेवणखर्चाचा ठरलेला आकडा) ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ८० डॉलर आहे, त्यातले ८० टक्के वजा करता येतात, म्हणून लॉगबुकचा रेकॉर्ड जपून ठेवा, ट्रकिंग समजणारा सीए बघा, सॉफ्टवेअरवाल्या भावोजींचा सीए नको. टॅक्स बाजूला ठेवून हातात राहिले १,०६२. तेवढेच २,५०० मैल कंपनी ड्रायव्हर म्हणून ६० सेंटने चालवले असते तर १,५०० मिळाले असते, टॅक्स कापायच्या आधी, आणि टायर फुटला तर कंपनीचा.

आता वाईट आठवडा. जानेवारी, बर्फ, स्टील मिलमध्ये दीड दिवस खोळंबा, मैल फक्त १,३००. भाडं त्याच दराने ३,०१६, वाटा २,१११, सरचार्ज २६०, एकूण २,३७१. डिझेल ७४०, मेंटेनन्स १५६, आणि वरचे ठरलेले खर्च १,४२० जसेच्या तसे. उरले ५५ डॉलर. आठवडाभर घर सोडून ५५ डॉलर. आणि मुलाच्या मुंजीला आठवडा घरी राहिलात तर उणे १,४२०, ते पुढच्या आठवड्यातून कापतात. या हिशोबात पहिले १,२५० मैल तुम्ही दर आठवड्याला नुसते कंपनीसाठी चालवता, तुमची कमाई त्यानंतर सुरू. हा आकडा, म्हणजे किती मैलांनंतर माझा पहिला डॉलर, तो प्रत्येक ऑफरचा काढायचा आणि मगच पुढचं बोलायचं. आणि लक्षात ठेवा, मैल तुम्ही ठरवत नाही, डिस्पॅचर (भाडी वाटणारा कंपनीचा माणूस) ठरवतो.

ट्रकची किंमतही अशीच काढा. ८५० गुणिले १५६ आठवडे म्हणजे १,३२,६००, वर शेवटी एकरकमी द्यायचं बलून पेमेंट समजा १५,०००, झाले १,४७,६००. आता त्याच वर्षाचा, तेवढ्याच मैलांचा ट्रक विक्रीच्या साईटवर कितीला आहे ते बघा. फरक बघून बऱ्याच जणांचा विषय तिथेच संपतो.

चौथं: कागद

सही करायच्या आधी कॉपी घरी न्यायला मागा. "ओरिएंटेशनलाच मिळते, तिथेच सही करायची" असं म्हणाले तर बॅग उचला. दोन वेगळे कागद असतात हे आधी समजून घ्या, एक ट्रकचा लीज आणि दुसरा कंपनीसाठी काम करायचा करार, आणि खरी मेख या दोघांच्या गाठीत असते. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की कामाचा करार संपला की ट्रकचा लीजही संपला. म्हणजे अडीच वर्षं हप्ते भरा आणि कंपनीने एका ओळीच्या ईमेलवर करार मोडला की ट्रक गेला, भरलेलं गेलं. काही कागदांत तर उरलेले सगळे हप्ते त्या दिवशी एकदम देणं लागतं असंही असतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: हा ट्रक घेऊन मी दुसऱ्या कंपनीकडे काम करू शकतो का? "नाही" असेल तर तुम्ही ट्रक विकत घेत नाही आहात, भाड्याने घेताय, आणि त्याच नजरेने दर बघा. "वॉक-अवे लीज" म्हणजे कधीही चावी देऊन जा, दंड नाही. हे ऐकायला कमी वाटतं पण नवख्याला मला तेच बरं वाटतं.

फेडरल नियम तुमच्या बाजूचे आहेत, भाग ३७६, ट्रुथ इन लीजिंग म्हणतात त्याला. काय-काय कापणार आणि ते कसं मोजणार हे करारात लिहिलेलं हवं. टक्केवारीवर असाल तर मूळ फ्रेट बिलाची कॉपी मागायचा हक्क आहे, मागा, दर आठवड्याला मागा, कारण ७० टक्के कशाचे हे माहीत नसेल तर ७० ला अर्थ नाही. कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. एस्क्रोवर व्याज द्यावं लागतं. आणि आमच्याकडूनच टायर घ्या, आमच्याकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. मेंटेनन्स फंडात उरलेलं शेवटी कुणाचं, ते मात्र करार ठरवतो, ती ओळ शोधा.

वकील महाग वाटत असेल तर ओओआयडीए नावाची १९७३ पासूनची ओनर-ऑपरेटर लोकांची संघटना आहे, मिसूरीत, वर्गणी फार नाही आणि करार वाचायला मदत करतात. कोर्टात न जाता लवादाकडे जावं लागेल असं कलम दिसलं तर फार घाबरू नका, २०१९ मध्ये न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फेडरल लवाद कायद्यातली वाहतूक कामगारांची सूट कंत्राटी ट्रक ड्रायव्हरलाही लागू होते. पण राज्यांचे लवाद कायदे वेगळे, म्हणून कलम दिसलं की विचारून घ्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनेच नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने असे लीज-परचेस प्रोग्राम बंदच करा अशी शिफारस केली, नुसतं "सुधारा" नाही म्हणाले. रिक्रूटरला हे विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

पाचवं: ट्रक स्वतः

तुम्हाला देतात तो ट्रक बहुतेकदा आधी कुणीतरी लीजवर घेऊन अर्ध्यात सोडलेला असतो. म्हणजे तो वाईटच असं नाही, पण बाहेरचा मेकॅनिक नेऊन दाखवल्याशिवाय चावी घेऊ नका. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा डाउनलोड, ऑइलचा नमुना लॅबला, आणि मुख्य म्हणजे डीपीएफ आणि डीईएफचा इतिहास, कारण धूर साफ करायची ही यंत्रणाच सगळ्यात जास्त पैसे खाते. सेन्सर गेला की इंजिन स्वतःहून स्पीड कमी करतं आणि तुम्ही हायवेच्या कडेला टो ट्रकची वाट बघत बसता, हप्ता चालू. वॉरंटी किती मैलांपर्यंत ते लेखी घ्या. पुढच्या टायरची खोली कायद्याने ४/३२ इंच लागते, बाकीच्यांची २/३२, त्याच्या जवळपास असतील तर बदलून मागा, सही झाल्यावर कोणी बदलत नाही. प्रत्येक ओरखड्याचा फोटो, ओडोमीटरचा फोटो, तारखेसकट.

खिशात निदान दोन महिन्यांचे ठरलेले खर्च असल्याशिवाय निघू नका, वरच्या हिशोबात ते ११-१२ हजार होतात. "पण तेवढे पैसे असते तर लीजवर कशाला घेतला असता" हा प्रश्न बरोबर आहे, आणि एक वर्ष कंपनी ड्रायव्हर राहा म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

चालवायला लागल्यावर

दिवसाचे ११ तास ड्रायव्हिंग, १४ तासांच्या खिडकीत, आठ तास चालवल्यावर अर्धा तास ब्रेक, आठ दिवसांत ७० तास. ताडपत्री बांधायचे दोन तास या १४ मध्येच जातात, म्हणून ताडपत्रीचे वेगळे पैसे मिळतात का ते भाडं घेतानाच विचारा. ६२-६३ ने चालवा, ७० ने चालवून वाचलेला वेळ डिझेलमध्ये जातो. खायचं प्यायचं घरून, मी इन्स्टंट पॉट आणि मेतकूट-भातावर आठवडे काढतो, आय-४० वर ओक्लाहोमाकडे पंजाबी ढाबे आहेत तिथे आठवड्यातून एकदा जीभ खूश करायची. तिथल्या पंजाबी पोरांशी बोला, या धंद्यात त्यांची दुसरी पिढी आहे, कुठली कंपनी पैसे अडकवते ते तिथे चहाच्या एका कपात कळतं.

दर आठवड्याची सेटलमेंट शीट (कमाई आणि कापाकापीचा कागद) ओळ न ओळ तपासा. एका कंपनीत माझ्या शीटवर "ॲडमिन" नावाखाली ३५ डॉलर यायला लागले होते, करारात कुठेच नव्हते. फोनवर तीनदा विचारलं, उत्तर नाही. मग कलमाचा नंबर घालून ईमेल टाकला तर पुढच्या आठवड्यात मुकाट्याने परत आले. फोन करू नका, ईमेल करा.

सोडताना

सोडायचं ठरलं तर आधी करारातली नोटीस किती दिवसांची ते बघा आणि लेखी द्या. चालू भाडं पोचवूनच ट्रक परत करा आणि तो त्यांच्या यार्डातच द्या, वाटेत कुठेतरी उभा करून निघून गेलात तर तुमच्या रेकॉर्डवर तसा शेरा लागतो आणि पुढची नोकरी अवघड होते. ट्रक झाडून पुसून, परत तेच सगळे फोटो, चावी घेतल्याची सही. ट्रकमधलं तुमचं स्वतःचं सामान, पट्टे, साखळ्या, ताडपत्र्या तुम्ही घेतलेल्या असतील तर पावत्यांसकट काढून घ्या. एस्क्रो करार संपल्यापासून ४५ दिवसांत परत द्यावा लागतो, काय कापलं त्याच्या यादीसकट. ४६ व्या दिवशी आला नसेल तर आधी कंपनीला ईमेल, मग एफएमसीएसएच्या (ट्रकिंगवर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याच्या) कंझ्युमर कम्प्लेंट साईटवर तक्रार, सोबत करार, शेवटची शीट आणि फोटो जोडून.